नवी चादर सोडून जुनं धोतर

ती फिर्याद मला आजही शब्दन् शब्द आठवते. मध्य प्रदेश राज्य नुकतंच झालं होतं आणि इंदूरजवळ राऊच्या बाजूला एका ठाण्यावर मी नवाकोरा सब-इन्स्पेक्टर होतो. नव्या अधिकाऱ्याला प्रत्येक चोरी दरोड्यासारखी वाटते.

सकाळीच सरकारी विश्रामगृहाचा चौकीदार आला. आदल्या दुपारी तो बाजारात गेला असताना कुणीतरी कुलूप फोडलं होतं. पंचनाम्याला गेलो तर रेडिओ जागेवर, कोऱ्या चादरी घडी केलेल्या तशाच. गेलं काय, तर चौकीदाराचं जुनं धुतलेलं धोतर आणि दोऱ्याचं रीळ. स्टोव्हमधलं रॉकेलही संपलं होतं.

"साहेब, चोर पागल होता का?" हवालदारानं विचारलं.

असेलही पागल. पण कुलूप सरकारी होतं, तेव्हा आरोपी हवाच होता.

खबर दिली दूधवाल्यानं. आदल्या दुपारी विश्रामगृहासमोर दवाखान्याची अँब्युलन्स उभी होती म्हणे. गाडीत रोग्याजवळ बसणाऱ्या, मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरला मी बोलावून घेतलं. महूच्या फौजी घरातला तिशीचा माणूस, प्रश्न विचारला की ताठ उभा राहायचा.

"कुलूप तू फोडलंस?"

"हो साहेब."

"का?"

इथे गाडी अडली. मी आवाज चढवला, चहा पाजला, पुन्हा आवाज चढवला. त्याचं एकच, "साहेब, नोकरी जाईल माझी."

दुपारी घरी जेवायला गेलो. वाढता वाढता बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, नवं सोडून जुनं मऊ कापड कशाला लागतं? तान्ह्या बाळाला! तिथे कुणीतरी बाळंत झालंय. इतना भी दिमाग नाही चालला तुमचा?"

अर्धं ताट टाकून मी ठाण्यात आलो. ड्रेसरसमोर बसलो आणि विचारलं, "मुलगा की मुलगी?"

त्याचा चेहरा एकदम उजळला. "मुलगी, साहेब! एकदम मस्त आहे!"

मग तो थांबेचना. "बाई कळा देत होती, सासू सोबत. रेल्वेचं फाटक बंद, मालगाडी अडलेली. ड्रायव्हर म्हणे, रुको. मी कळांमधलं अंतर मोजलं. फाटक उघडायच्या आत बाळ येणार, पक्कं. गाडीत पाणी नाई, धूळ ही धूळ. समोर विश्रामगृह. चौकीदार नाई, पूछू किसको? दगड घेतला. पहिले स्टोव्ह पेटवला, नाळेसाठी दोरा आणि गाडीतलं ब्लेड उकळलं. बच्ची झाली ती निळी, रडेना. आईकडे पाहिलं, ती बोलत होती, म्हणजे ती जरा थांबू शकते. मग आधी बच्ची. तोंड साफ केलं, धोतरानं पाठ घासली. रडली साहेब! मी भी रडलो."

ड्रेसरला बाळंतपण करायची परवानगी नव्हती. म्हणून दवाखान्यात त्यानं 'गाडीतच झालं' एवढंच सांगितलं होतं.

मी त्याला दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांसमोर नेलं. वाटेत इंदुरातलं पलासिया येईपर्यंत तो नोकरीचंच बोलत होता. मलाही धास्ती वाटत होती. डॉक्टरांनी त्याला एकेक पायरी विचारली, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली उलटतपासणी घेतली. शेवटी कागद पुढे सरकवला.

"काय काय लागलं ते लिही. आजपासून हे सगळं गाडीत राहील. आणि नव्या ड्रेसरांना तूच शिकवायचं, समझे?"

त्यानं पहिल्याच ओळीत लिहिलं, जुनं धुतलेलं मऊ कापड. मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांना उगाचच सॅल्यूट ठोकला.

तोवर अडचण आली की वरच्या साहेबांना काय वाटेल, हे मी आधी पाहायचो. त्या माणसानं समोरच्या दोघींपैकी कोण थांबू शकतं, एवढंच पाहिलं. पुढे दंग्यात, अपघातात हाच प्रश्न मी स्वतःला विचारत आलो आणि क्वचितच चुकलो.

चौकीदारानं फिर्याद मागे घेतली आणि ती केस मी कुणालाही न विचारता बंद केली. आठवड्याच्या आत वरच्या साहेबांकडून ठपक्याचा मेमो आला, माझ्या नोकरीतला पहिला. तो मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला आणि आम्ही दोघं पोट धरधरून हसलो.