अव्वाचं वय शून्य

संगणक तारखेच्या घोळात कधी सापडणार, हे सांगणारे दोन तज्ज्ञ माझ्याच घरात आहेत. एक माझे जावई, पुण्यात असतात. दुसरा भाचा, बेंगळुरूला असतो. दोघं मोठ्या कंपन्यांत आहेत आणि दोघांनाही दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नाही.

यंदा एक जूनला अव्वाची, म्हणजे माझ्या आईची, शंभरी होती. एक जून हे काही खरं नव्हे. मंद्रूपच्या शाळेत ती जेमतेम दुसरीपर्यंत गेली. मास्तरांनी निम्म्या वर्गाला जी तारीख लिहिली तीच तिच्याही नावापुढं लिहिली, आणि साल सव्वीस हेही त्यांनीच अंदाजानं ठोकलं. पण शंभरी ती शंभरी. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर सगळं गणगोत जमलं, खाली गेटला अव्वाच्या फोटोचा फ्लेक्स लागला, गव्हाच्या खिरीचं, म्हणजे हुग्गीचं, जेवण झालं, आणि हात धुतात न धुतात तोच या दोघांनी बैठक मारली.

भाचा म्हणाला, दोन हजार अडतीसच्या जानेवारीत जुन्या संगणकांतला सेकंद मोजणारा आकडा भरून जाणार आणि त्या एका दिवशी सगळं बसणार. जावई म्हणाले, एका दिवशी वगैरे काही नाही, पुढच्या तारखा काढणारे प्रोग्राम आत्तापासूनच चुकायला लागतील. भाच्यानं त्यांना पुरावा मागितला, त्यांनी त्याला मागितला. चहा झाला, परत चहा झाला. कूलरपुढची जागा दोघांनी अडवलेली, बाकीचे घामाघूम. एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिण्यामुळं दोन हजार साली जो घोळ व्हायचा होता, तो कायमचा मिटला. "आता तो फक्त रिटायर्ड लोकांच्या गप्पांत उरलाय, मामा," असं भाचा माझ्याकडं बघून म्हणाला. मी रिटायर्ड आहे.

अव्वा भिंतीला टेकून ऐकत होती. तिला ते दोघं दिसत नव्हते, एवढंच तिचं नशीब. एक डोळा कधीचाच गेलेला. दुसऱ्यातला मोतीबिंदू इतका पिकला होता की डॉक्टरांनी बजावलं होतं, लगेच काढा, आत दाब वाढला तर हाही जाईल. सकाळच्या पूजेला ती गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायची आणि बोटांनी चाचपून बघायची. शंभरीचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, असं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी जन्मतारीख टाकली आणि त्या पडद्याकडं बघतच राहिल्या.

"काका, वय शून्य दाखवतंय की."

त्या संगणकाला सालाचे दोनच आकडे कळत होते. सव्वीस म्हटल्यावर त्यानं हेच साल धरलं. त्याच्या लेखी अव्वा काल जन्मली होती. तान्ह्या बाळाला तो मोठ्यांच्या ऑपरेशनला घेईना, लहान मुलांच्या डॉक्टरांकडं पाठवा म्हणे, आणि ते डॉक्टर पंधरवड्यातून एकदा येणार. नोंद झाल्याशिवाय आत घेत नाहीत. मॅनेजर म्हणाले, कंपनीला कळवतो, आठ-दहा दिवस लागतील. आठ-दहा दिवस त्या डोळ्याकडं होते की नाही, हे कोण सांगणार?

दोन्ही तज्ज्ञ सोबत होतेच. मी म्हटलं, "आता बोला."

बोलले की. भाचा म्हणाला, टेक्निकली ही दोन हजारची चूक नव्हेच. जावई म्हणाले, तीच आहे, तेव्हा ठिगळ लावून पुढं ढकलली होती.

"मग काल मिटली म्हणालात ती?"

"मिटली म्हणजे मामा, मोस्टली."

मग तिथंच, व्हीलचेअरच्या दोन बाजूंना उभं राहून, अशा चुका आणखी कुठं आणि कोणत्या साली निघतील यावर त्यांची जुंपली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डोळा जात होता माझ्या आईचा, आणि या दीडशहाण्यांना आपलं भाकीत खरं ठरवायची घाई. मला त्यांची किळस आली.

अव्वानं माझी बाही ओढली. "काय म्हंतोय रं त्यो डबा?"

"सव्वीस लिहिलं की त्याला यंदाचं साल वाटतंय. तू काल जन्मलीस म्हणतोय."

ती बोळक्या तोंडानं हसली. "मग सत्तावीस लिव की. ते साल अजून यायाचंय. मास्तरानं तरी कुटं बगितलंतं?"

दोन्ही तज्ज्ञांचं लगेच दुसऱ्यांदा एकमत झालं. "आजी, असं नाही करता येत. डेटा चुकेल."

"त्यो बरूबर कवा हुता?"

मी बाईंना म्हटलं, सत्तावीस लिहा. पडद्यावर नव्याण्णव आलं आणि अव्वा आत गेली. तिकडं घराच्या गेटवर शंभरीचा फ्लेक्स तसाच फडकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. तज्ज्ञ बाहेर कंपनीला पाठवायच्या मेलमधल्या शब्दांवरून भांडत होते. अव्वानं आधी खिडकीकडं बघितलं. मग गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन बराच वेळ बघितलं, या खेपेला बोटं न लावता. मग माझ्याकडं वळली.

गेली कितीतरी वर्षं तिला हाताला धरून नेणारा, ताटातलं काय कुठं आहे ते सांगणारा मीच. तिनं हात पुढं केला, माझ्या गालावर ठेवला आणि अंगठ्यानं डोळ्याखालची सुरकुती ताणून बघितली.

"तू कवा म्हातारा झालास रं?"

मी मान खाली घातली.

"वर बग की," ती म्हणाली. "मला बगू दे."