मैनाचं रिंगण

मैना गांगुर्डे कॉलेजात आली ती गळ्यात शिट्टी अडकवूनच. चौऱ्याहत्तर साल होतं. अकरावी मॅट्रिक होऊन आम्ही सगळ्याच प्री-डिग्रीला नवख्या होतो, आवाज फुटत नव्हता कोणाचा. ही मात्र पहिल्याच आठवड्यात आम्हाला सांगून मोकळी झाली, की शाळेत ती विद्यार्थी मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री होती आणि दुष्काळात सातपूरच्या वस्तीतल्या नळावरची रांग तिनं आणि तिच्या वर्गातल्या पोरींनी सांभाळली. "बायका झिंज्या उपटायच्या एकमेकींच्या. मी शिट्टी वाजवली की गप," असं ती म्हणायची. मला तेव्हा ती भयंकर आगाऊ वाटली. खरं सांगायचं तर आजही थोडी वाटते.

डिसेंबरात सेवा योजनेचं शिबिर हरसूलकडच्या एका पाड्यावर ठरलं. पाड्यापर्यंत रस्ता काढायचा होता. मैनाच्या घरून परवानगी मिळेना म्हणून आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. तिचे वडील, पुंजारामकाका, कारखान्यातून पहिल्या पाळीवरून नुकतेच आले होते. आई विमलाबाईंनी आमच्यापुढे चहा ठेवला. काकांनी आपला चहा बशीत ओतला.

"शाळंत बी हेच," ते म्हणाले. "समद्यांची पोरं हिच्या गळ्यात. लेकी, दुसऱ्याची पोरं तू सांभाळशील, पन तुला कोन सांभाळनार?"

मैना हसली. "आप्पा, मला काय होतंय?"

काकांनी परवानगी दिली.

शिबिरात मुलींची पुढारी म्हणून मैना आणि मुलांचा पुढारी म्हणून निवृत्ती. हा निवृत्ती दुसऱ्या वर्षाचा, उंचापुरा आणि स्वतःवर खूश असलेला. पहिल्याच सकाळी मैनानं आम्हाला गोल उभं केलं. प्रत्येकीनं आपल्या उजव्या हाताच्या मुलीचं नाव मोठ्यानं घ्यायचं. जागा ठरलेल्या, बदलायच्या नाहीत. नाव फिरत फिरत जिथून निघालं तिथं परत आलं की सगळ्या हजर. मैना स्वतः मध्ये शिट्टी घेऊन उभी.

"भोंडला सुरू झाला रे!" मुलांकडून आरोळी आली. आमची तोंडं लाल झाली. मी चिडून तिला म्हटलं, "अगं, त्यांच्यासारख्या जोड्या लाव की. आपापल्या जोडीदाराकडे बघायचं, तो नसला तर ओरडायचं. सोपं."

"जोड्या नकोत, लता," ती म्हणाली आणि मग शाळेतली हकीकत सांगितली. दहावीत असताना ती शाळेच्या मुलींना घेऊन त्र्यंबकच्या वाटेवर झाडं लावायला गेली होती. तेव्हा जोड्याच होत्या. निघताना कोणीच ओरडलं नाही, म्हणून गाडी सुटली. सहावीतल्या दोघी मागे राहिल्या. त्या एकमेकींच्याच जोडीदार होत्या, मग ओरडणार कोण? संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या झोपडीत रडून रडून झोपलेल्या सापडल्या. "तेव्हापासून रिंगण," मैना म्हणाली. "दोघी गेल्या तरी तिसरी नाव घेतेच." मला ते पटलं, पण भोंडला म्हणवून घेणं पटत नव्हतं.

रस्त्यात एक मोठा खडक आडवा आला. तो फोडायला सुरुंग लावायचं काम यादव नावाच्या माणसाकडे होतं. त्याच्या हातात नेहमी बिडी असे आणि तीच तो वातीला लावी. ठरलं असं होतं, की सगळ्यांनी टेकडीच्या मागे यायचं, हजेरी घ्यायची, शिबिर घेऊन आलेल्या टिळे सरांनी हिरवं निशाण वर करायचं आणि मग यादवनं तीनदा आरोळी देऊन बार उडवायचा. खडकाच्या खालच्या अंगाला ओढा होता. पिण्याचं पाणी तिथून यायचं.

त्या दुपारी ऊन तापलं होतं आणि सगळे भुकेले होते. आमचं रिंगण पुरं झालं. पलीकडून निवृत्ती ओरडला, "सगळ्या जोड्या हजर!"

"सर, मुलांनाही नावं घेऊ द्या ना," मैना म्हणाली.

टिळे सर वैतागले. "तो सांगतोय ना हजर म्हणून? गांगुर्डे, तू तुझ्या मुली सांभाळ."

 पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण आम्ही शेंगा वाटण्यावरून भांडत होतो. तेवढ्यात यादवची आरोळी आली, "बार हाय रे, बाऽऽर!" अंगावर काटा आणणारी आरोळी होती ती. सरांनी हिरवं निशाण वर केलेलंच होतं. मला मैनाला चिडवायचं होतं, की बघ, तुझ्या रिंगणावाचून काही अडलं का. म्हणून वळले, तर मैना नव्हती.

झाडामागे नव्हती. सामानापाशीही नव्हती. पाण्याच्या बादल्यांची जागा रिकामी होती. तेव्हा मला उलगडलं. बादल्या घेऊन गेलेलं कोणीतरी अजून ओढ्यावर होतं, आणि मैना त्यांना आणायला खाली गेली होती. आमचं रिंगण पुन्हा घेतलं असतं तरी पुरंच भरलं असतं, कारण तिच्या त्या हुशार रिंगणात तिचं स्वतःचं नाव घेणारं कोणी नव्हतंच.

"सर, थांबवा! मैना खाली आहे!" मी ओरडले. सरांना कळेना. मुलं हसत होती. दुसरी आरोळी आली. मी सरांच्या हातातलं निशाण हिसकावलं, टेकडीवर धावले आणि जीव खाऊन किंचाळले. यादव खडकावर वाकलेला होता. त्यानं मान वर केली.

"काय हाय?"

"माणसं आहेत खाली!"

त्यानं बिडी दूर भिरकावली आणि आम्हाला शिव्यांची अशी लाखोली वाहिली, की मला ती गोड वाटली. मग तो खडकावरून खाली उतरला. 

बऱ्याच वेळानं ओढ्याच्या काठावरून मैना वर आली. एका मुलाचा पाय मुरगळला होता, त्याला तिनं आणि त्याच्या जोडीदारानं दोन्ही बाजूंनी धरलं होतं. निवृत्ती पांढराफटक पडला.  मी मात्र मैनाच्या अंगावर धावून गेले. "सांगून जाता येत नाही? मेली असतीस ना!"

"सरांनी नको म्हटलं असतं," ती म्हणाली.  "आणि मला वाटलं, मी नाही हे कोणाच्या तरी लक्षात येईलच."

दुसऱ्या दिवशी मुलं न सांगता आमच्या गोलात येऊन उभी राहिली. मैना सवयीनं मध्ये गेली, तर मी तिचा दंड धरून तिला माझ्या उजवीकडे आणून उभं केलं. 

शिबिर संपवून परतलो तेव्हा पुंजारामकाका एसटी स्टँडवर उभे होते, कारखान्याच्या कपड्यांतच. मैनानं वाटेत मला बजावलं होतं, की आप्पांना एक अक्षर सांगायचं नाही. मी नाही सांगितलं.

"समदं ठीक झालं ना?" त्यांनी मलाच विचारलं.

"हो काका," मी म्हटलं. "आणि रोज सकाळी मैनाचं नाव मी घेते."

त्यांना काही उमगलं नाही. मैनानं मात्र शिट्टी मुठीत घट्ट धरली आणि ती रडायला लागली.