शकुनमावशीचा पाय आणि मला आलेला ताप

पवनीला जायचं ठरलं ते वैनगंगेच्या घाटांचे फोटो बघून. शिवाय जवळच्याच खेड्यात आईची मावसबहीण शकुनमावशी राहते, म्हणजे मुक्कामाची सोय होती. नागपूरच्या प्रताप नगरहून रिक्षाने बसस्टँड, तिथून उमरेड-भिवापूर मार्गे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, पण भिवापूरपर्यंत उभं राहायची तयारी ठेवा.

नदी डोळे भरून पाहिली. मावशी मात्र सोबत आली नाही. तिचा डावा पाय कित्येक वर्षांपासून सुजलेला आहे. हत्तीपाय.

रात्री तांदळाची भाकर आणि लाखोळीची डाळ वाढताना तिनेच विषय काढला. "नवी नवरी होती तवा चौरस्त्यावरचा उतारा ओलांडला मी. लिंबू दिसलंच नाही. तवापासून हे."

"मावशी, हे डासांमुळे होतं. डास चावला की बारीक जंत अंगात जातात."

"डास तर साऱ्या गावाले चावते. मंग मलेच काहून?"

मी डाळ वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी आमची जेवणं झाली आणि आरोग्य खात्याच्या आशाताई घरोघरी वाटायच्या हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आल्या. पाहुण्यांनीही घ्यायच्या म्हणाल्या. मावशी म्हणाली, "आता पाय थोडी बारीक होते? आन् गोळीनं ताप येते." काही होत नाही, हे दाखवायला मी आधी गिळल्या.

दुपारी मला थंडी वाजून ताप भरला.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "अंगात जंत असले तर ते मरताना असा ताप येतो. तुमच्या असतीलही. किंवा नुसतं ऊन लागलं असेल."

"पण मी नागपूरची आहे."

"डास नागपुरातही आहेत."

घरी येऊन सगळं मावशीला सांगितलं. ती बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिली.

"तू कोणाचा उतारा ओलांडला होता का वं?"

"नाही."

"मंग मीही काही केलं नसन." तिने आशाताईंना बोलावून गोळ्या घेतल्या.

उन्हाचं बोलणं तिने धरलंच नव्हतं. मीही पुन्हा काढलं नाही. बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही.

नागपूरला पोचेपर्यंत ताप उतरला होता. तो कशाचा होता, तेही कळलेलं नाही. तुम्ही पवनीला जरूर जा. कोणी गोळ्या दिल्या तर जेवून घ्या, एवढं नक्की सांगू शकते.

परवा मावशीचा फोन आला. पाय तसाच आहे, पण आशाताईंनी सांगितलं तसा रोज साबणाने धुते म्हणाली. मग आवाज खाली करून विचारलं, "तुहा पाय ठीक आहे ना वं?"

मी वाकून बघितलं. ठीक दिसत होता.