माहेरच्या नावाची सुनावणी

नोटीस आली त्या दिवसापासून मला जेवण जात नव्हतं. मतदारयादी नव्याने तपासत होते आणि माझं नाव त्यांना जुळत नव्हतं. मतदार कार्डावर सासरचं नाव. जन्माचा पुरावा म्हणून माझ्याकडे एकच कागद, चौथीचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्यावर माहेरचं नाव.

आमच्यात लग्नात मुलीचं आडनाव तर बदलायचंच, पण पहिलं नावही बदलायचे. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, झालं. पुढे त्या तांदळाचा कुणीतरी भात लावला असेल. कागद कुणी केला नाही. त्यामुळे दाखल्यावरची मुलगी एक आणि कार्डावरची म्हातारी दुसरी, असं त्या लोकांना दिसत होतं. ही तीच, असं सांगायला माहेरचं कोणी जिवंत नाही.

नवरा खिदिरपूरला बंदरात नोकरीला होता, म्हणून मी कोलकात्यात आले. तो गेला, मी मुलाकडे राहिले. लिफ्टमध्ये एक बाई सांगत होती, यादीतून नाव गेलं की माणूस बाहेरचा ठरतो. खरं की खोटं, मला माहीत नाही. माझा मजला मात्र चुकला.

घरात नातीचं वेगळंच चाललं होतं. ती सतरा वर्षांची. मताचं वय सोळा करावं, या बाजूने तिला शाळेत बोलायचं होतं.

"एकवीसचं अठरा केलं तेव्हाही लोक नाही म्हणालेच असतील ना, बाबा? माझा मत आहे की सोळाला द्यावं."

"आधी 'माझं मत' म्हणायला शीक, मग दे," मुलगा म्हणाला.

ती माझ्याकडे वळली. "आजी, तू सोळाची असताना काय करत होतीस?"

"लग्न."

"म्हणजे संसार चालतो, मत चालत नाही?"

"संसाराला तरी मला कुणी विचारलं होतं?"

एकवीस झाल्यावर मी मत दिलं, तेही नवऱ्याने सांगितलं तिथेच शिक्का मारून. नंतर एका निवडणुकीत मी दुसऱ्याच चित्रावर शिक्का मारला आणि घरी येऊन कांदे चिरायला बसले. त्याला कधी कळलं नाही. कुणाला न विचारता केलेली माझी ती पहिली गोष्ट. त्यानंतर एकही मतदान मी चुकवलं नाही. आता तेच काढून घेणार होते.

सुनावणी सॉल्ट लेकला एका कार्यालयात होती. मुलाला ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून नात आली. बाकावर सगळे प्लास्टिकच्या पिशव्या छातीशी धरून बसलेले. माझ्या पुढचा माणूस आतून बाहेर आला, चष्मा पुसत उभा राहिला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. मी दोनदा बाथरूमला जाऊन आले.

आतला अधिकारी तरुण होता. मला माशिमा, म्हणजे मावशी, म्हणत त्याने नाव विचारलं. सकाळपासून मी दाखलाच वाचत होते, तोंडातून माहेरचं नाव निघालं. त्याने कार्ड पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"इथे तर दुसरं नाव आहे, माशिमा."

एवढी वर्षं बाजारात बोललेल्या बंगालीतला मला एक शब्द आठवेना. नात बोलायला लागली. तांदूळ, अंगठी, सगळं तिने सांगितलं.

तो हसला. "पहिलं नावही बदलतात? मग माणूस ओळखायचा कसा?" आणि तिला म्हणाला, "तुला स्वतःला मत आहे का?"

"पुढच्या वर्षी."

"मग आजींना बोलू दे."

मी स्वेटरची बाही वर केली. लहानपणी जत्रेत हातावर नाव गोंदवून घेतलं होतं. सासूबाईंना ते खपायचं नाही, म्हणून झाकायची सवय लागली. अक्षरं हिरवी पडलीत, कातडी लोंबतेय, पण वाचता येतात. त्याने दाखला माझ्या हाताशेजारी धरला आणि एकेक अक्षर लावून पाहिलं.

"हाताची झेरॉक्स कशी जोडू, माशिमा?"

"तुम्ही पाहिलंत, असं तुम्हीच लिहा," नात म्हणाली. "खाली सही करा."

त्याने पेन उचललं. मग त्याने काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते सांगितलं नाही. नंतर कळेल म्हणाला.

ऑटोत बसलो. नातीने माझा हात धरला नाही, पिशवी धरली, तेच बरं केलं.

"आता सांग आजी, सोळाला द्यावं की नाही?"

"आधी माझं तरी राहू दे," मी म्हटलं.

यादी अजून लागलेली नाही. दाराची बेल वाजली की सवयीने मी बाही खाली ओढते. मग आठवतं, आणि पुन्हा वर करते.