हलव्याच्या डब्यातल्या सह्या

नेदाताईच्या टेबलावर हलव्याचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा. त्यात हलवा नव्हता, त्रेसष्ट माणसांच्या सह्या होत्या. डिजिटल सहीची करंगळीएवढी एकेक काडी, संगणकात खुपसायची, आणि तिच्यावर चिकटपट्टीने लावलेलं मालकाचं नाव अन् त्याचा गुप्त आकडा. गुप्त आकडा असा उघडा लिहून हिशेबनीस बाईच्या हवाली करणं कायद्यात बसत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण नेदाताईवर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर ठेवायचा?

मी तिच्यासमोरच्या टेबलावर वीस वर्षं बसले. तिला तिखट जीभ होती आणि माणसांचा सोस होता. फेब्रुवारीत सांख्यिकी कार्यालयाला प्रत्येक धंद्याचा अहवाल लागतो: धंदा चालू की बंद, माणसं किती, माल किती. कागदाच्या काळात त्यावर मालकाची सही आणि गोल शिक्का हवा असे, म्हणून नेदाताई एकेकाला फोन करी. "ये रे बाबा, कागद तयार आहे. आणि आंघोळ करून ये." मग ते येत, कॉफी पीत, सुनेच्या कागाळ्या सांगत, गुडघे दाखवत. सही करायला अर्धं मिनिट, उठायला दोन तास. माझं डोकं उठायचं.

पुढे अहवाल संगणकावरून द्यायचे ठरले. अठ्ठावन्न वर्षांची नेदाताई माझ्या आधी ते शिकली. पडद्यावर गेल्या वर्षीचे आकडे आपोआप येत, बदल असेल तेवढा करायचा, काडी खुपसायची, आकडा टाकायचा, हिरवी खूण उमटायची. वर्षभराच्या पावत्या लोक बाजारच्या दिवशी जिन्याखालच्या पेटीत टाकून जात, त्यामुळे वर कचेरीत कोणी चढायचं कारणच उरलं नाही. जिथे महिना जाई तिथे दोन दिवसांत त्रेसष्ट अहवाल गेले. "काय शांतता आहे, नाही?" असं म्हणणारी मीच होते.

त्या त्रेसष्टांत एक होता स्पास गेर्गोव्ह, वरच्या बुकोव्हेत्स गावचा कल्हईवाला. एकट्याचा धंदा, एकटाच राहणारा. हात थरथरायला लागले तेव्हा काम थांबवलं, पण धंदा मोडायचं नाव काढू देईना. काडी द्यायला आला तेव्हा म्हणाला, "बंद लिहू नकोस, नेदा. यंदा काम नाही, एवढंच लिही. वसंतात पुन्हा बसतो मी."

"बसशील, बसशील. आधी चमचा सरळ धर," नेदाताई म्हणाली.

तसा एक फॉर्म होताच: वर्षभरात कामकाज नाही. एक खूण, एक सही, काम संपलं. नेदाताईने तो सलग तीन वर्षं फेब्रुवारीत भरला. तिसऱ्या खेपेला पडद्यावर सूचना आली की स्पासच्या सहीची मुदत एप्रिलमध्ये संपते आहे, मालकाने ओळखपत्र घेऊन स्वतः हजर व्हावं. तिने फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, म्हणे.

"म्हाताऱ्याने नंबर बदलला आणि सांगितलं नाही! कानच उपटते त्याचे," ती म्हणाली. मार्चचे पहिले दिवस होते. तिने त्याच्या मनगटावर बांधायला वसंताच्या शकुनाचा लाल-पांढरा दोरा घेतला, चीज घातलेली बानित्सा घेतली, नव्या सहीचा अर्ज आणि ताज्या अहवालाची पोच घेतली, आणि माझ्या गाडीत बसली.

स्पासच्या फाटकावर कागद लावलेला होता. आमच्याकडे माणूस गेला की फोटोसकट कागद दारावर लागतो, आणि पुढे दरवर्षी नवा लागतो. हा नवाकोरा होता. फोटोत स्पास, डोक्यावर टोपी. खाली लिहिलं होतं: तू गेलास त्याला दोन वर्षं झाली.

नेदाताईने चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "आठ दिवसांपूर्वी त्याने अहवाल दिलाय."

आणि खरंच तिने पिशवीतून पोच काढून माझ्यापुढे धरली. सादर करणारा: स्पास गेर्गोव्ह. ओळख पटली. मला भीतीने हसू फुटलं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. मेलेल्या माणसाने लागोपाठ दोन वर्षं सरकारला वेळेवर कळवलं होतं की यंदा माझं काम नाही, आणि सरकारने दोन्हीदा आभार मानले होते. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं!

शेजारची बाई, व्हेला तिचं नाव, कुंपणापाशी आली. "कोण हवंय?"

"मी नेदा. खालच्या गावातली... त्याचे हिशेब बघते."

व्हेलाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू नेदा? म्हणजे तू खरंच आहेस होय! आम्हाला वाटलं, म्हातारा भ्रमात बोलतोय."

"काय बोलत होता?"

"शेवटचा महिना अंथरुणावरच होता. फोन उशाशी. कोणाला हात लावू देईना. म्हणायचा, फेब्रुवारी लागलाय, कागदाचे दिवस आहेत, नेदा फोन करेल. चुकायची नाही ती. सत्तावीस तारखेला गेला. तोवर रोज सकाळी विचारायचा, आला का गं फोन?" व्हेला फाटकापाशी आली. "काय महत्त्वाचं काम होतं का?"

"नाही," नेदाताई म्हणाली. "त्याचं त्या वर्षीचं काम मी पाच तारखेलाच उरकलं होतं."

मला तिच्याकडे बघवेना. तिने दोरा व्हेलाच्या हाती दिला, व्हेलानेच तो फाटकाला बांधला. पुढे दंड होईल का, परवाना जाईल का, हे सगळं मी गाडीत बडबडत होते. तिच्या कानांवर काही पडत नव्हतं. तिने कचेरीतली गिऱ्हाइकांच्या फोनची यादी मागितली. माझ्याजवळ ती होती. पहिलं नाव तानास बेकरीवाल्याचं होतं. तिने फोन लावला आणि वाजता वाजताच रडू लागली.

"काय गं ताई?" तानासने उचलला. "अहवालात काही चुकलं का?"

"नाही रे. सगळा गेलाय."

"मग सही लागते का? काडी तर तुझ्याकडेच आहे."

"सही नको. तू कसा आहेस, एवढंच विचारायला केला."

पलीकडे भट्टीचं दार लोटल्याचा आवाज आला. मग तानास अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, लपवू नकोस. मला काय झालंय?"

नेदाताईने फोन माझ्या हातात दिला.