दोन पेले पाणी

माझ्याबद्दल आईचं एक वाक्य ठरलेलं होतं: 'हिच्या पायाला भिंगरी लावलीय.' अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत मी एका जागी सलग दहा मिनिटं बसले असेन तर शपथ. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही सातपूरच्या कॉलनीत दोन खोल्यांत राहायचो. वडील एका कारखान्यात लेथवर काम करायचे, आठवड्याला पाळी बदलायची. मी रोज बसने शहरात कॉलेजला जायचे, आणि बसमध्ये जागा मिळाली तरी उभी राहायचे.

कॉलेजात आम्ही तिघी मैत्रिणी. तास नसला की लेडीज रूममध्ये एकच विषय निघायचा, मुलगा कसा हवा. एकीला कानावर केस आणि बेलबॉटम लागायची. स्कूटर असली तर इतर पुष्कळ गोष्टी माफ. दुसरी जरा लांबचा विचार करणारी. तिला धाकट्या नणंदा नसलेला हवा होता, कारण तिच्या थोरल्या बहिणीला तीन होत्या. 'आणि तुला गं?' असं मला विचारलं की मी म्हणायचे, 'उंच.' उंचीचं मला काडीचंही पडलेलं नव्हतं. माझी अट एकच होती, आणि ती त्या दोघींसमोर सांगायची म्हणजे सगळी खोली गप्प झाली असती. मला आमच्या घरचं पाणी पिणारा मुलगा हवा होता.

आम्ही बौद्ध. दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसायची, म्हणजे कुणाला काही विचारायची गरज उरायची नाही. वडिलांचा नियम होता, आल्यागेल्याला आधी पाणी. ते द्यायचं काम माझं, त्यामुळे माणसांच्या जाती मला पेल्यावरून कळायच्या. काही जण 'आत्ताच चहा झाला' म्हणायचे. काही ओठाला लावून खाली ठेवायचे. नववीत असताना वर्गातली एक मुलगी ऐन मे महिन्यात दुपारी चालत आली, घामाने निथळत होती, आणि म्हणाली, 'तहान नाही.' ती गेल्यावर आईने तो पेला मोरीत ओतला. त्या दिवसापासून मी कुणाच्याही चेहऱ्याकडे न बघता आधी पेल्याकडे बघायला लागले.

तो आमच्याच वर्गात होता. उंच नव्हता. फळ्यावरचं उतरवून घेताना जीभ बाहेर काढायचा, आणि प्रयोगशाळेत बेडूक कापायची वेळ आली तेव्हा मुलींच्या आधी बाहेर पळाला. सगळे हसले. तोही हसला, तिथेच मला तो आवडला. त्याला माझी प्रॅक्टिकलची वही हवी होती. ती माझ्या पिशवीत होती, तरी मी म्हटलं, 'घरी राहिलीय. रविवारी येऊन ने.'

त्या रविवारी मी सकाळपासून तांब्या तीनदा घासला. आई म्हणाली, 'पाहुणा येणाराय का पोलीस?' तो दुपारी आला, शहरातून सायकल हाणत. तसबिरीकडे त्याने पाहिलं, मी त्याला पाहताना पाहिलं. वडील खाटेवर पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून होते. मी पाणी दिलं. त्याने पेला उचलला, एका दमात संपवला आणि म्हणाला, 'अजून एक मिळेल?'

मला नाचावंसं वाटलं. खरंच सांगते, त्याने तेव्हा माझ्यासाठी ताजमहाल बांधला असता तरी इतकं सुख झालं नसतं. दुसरा पेला भरताना अर्धं पाणी मी जमिनीवर सांडलं.

तो गेल्यावर वडिलांनी पेपर खाली ठेवला. 'पोरगा बरा हाय,' म्हणाले. मग थोड्या वेळाने, 'पण आपल्या घरी कुणी पाणी प्यालं, त्याचं लय कवतिक नको. त्याच्या घरी तुला कसं देत्यात, ते बघ.' मला त्यांचा राग आला. ह्यांना चांगलं काही बघवतच नाही, असं वाटलं.

चार दिवसांनी त्याने वही परत दिली, तीही खाकी कव्हर घालून. मैत्रिणी माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, 'किती निगुतीने वापरतो गं!' मीही तो त्याचा गुण म्हणून मनात जमा केला. कव्हरवर नाव घातलं नव्हतं, ते मी घरी येऊन घातलं.

संक्रांतीला तो म्हणाला, 'तिळगुळाला घरी ये. आईला सांगितलंय.' वडिलांना मी सकाळीच खरं ते सांगितलं. पहिल्या पाळीला निघताना ते एवढंच म्हणाले, 'जाऊन ये.' मी आईची निळी साडी नेसले, ती चालताना सारखी पायात यायची. तो मला स्टॉपवर घ्यायला आला आणि सायकल हातात धरून माझ्या बरोबरीने चालू लागला. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. घंटी उगाच दोनदा वाजवली.

'आईने आडनाव विचारलं ना,' तो म्हणाला, 'तर हे सांग.' आणि त्याने एक आडनाव सांगितलं. 'ती जुन्या वळणाची आहे. नंतर सांगू आपण, हळूहळू.'

ते आडनाव मी इथे लिहीत नाही. त्या आडनावाच्या लोकांचा ह्यात काही दोष नाही. पण त्या क्षणी मला ते खाकी कव्हर आठवलं. वहीवर माझं पूर्ण नाव होतं, मोठ्या अक्षरांत. चार दिवस ती वही त्याच्या घरात होती.

मला परत फिरता आलं असतं. स्टॉप मागेच होता. एरवी जिथून उठायचं नाही तिथूनही उठणारी मी, त्या दिवशी मात्र त्याच्यामागून गल्लीत शिरले. का, ते पुष्कळ वर्षं शोधलं. तो मला आवडत होता, एवढंच त्याचं उत्तर आहे, आणि ते मला पुरत नाही.

त्याची आई नांदगावकडची, हसऱ्या चेहऱ्याची बाई. तिने मला हाताला धरून शेजारी बसवलं. हातावर तिळगूळ ठेवला. पाण्याचा पेला पुढे केला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, 'आडनाव काय गं पोरी?'

तो जमिनीकडे बघत होता. मी त्याने सांगितलेलं आडनाव सांगितलं.

'आगं बाई,' ती खुलली. 'मग आपल्यातलीच की. गाव कोणतं?'

आता गाव आलं. तिकडे ह्यांचं कुणी जात-येत नसेल अशा अंदाजाने मी सुरगाणा म्हटलं.

'तिकडं बी हायेत व्हय आपली माणसं?' म्हणत तिने माझ्या हातावर आणखी दोन लाडू ठेवले. मी पाणी प्यायले. तिने पेला पुन्हा भरला, मी तोही प्यायले. इतक्या मायेने मला परक्या घरात कधी कुणी पाणी दिलं नव्हतं, आणि मला तिथे बसवत नव्हतं.

घरी आले तेव्हा वडील पाळीवरून नुकतेच आले होते. अजून कारखान्याचे कपडेच अंगावर होते. त्यांनी बूटही काढले नव्हते.

'पाणी दिलं?'

'दिलं. दोन पेले.'

'आडनाव इचारलं असंल.'

'विचारलं.'

'सांगितलं?'

'सांगितलं.'

 त्यांचा सगळा चेहरा फुलला, आणि ते आईला म्हणाले, 'बघ. मी उगाच पोरीला घाबरवत होतो.' मग खाटेवर बसून बूट सोडायला लागले. एवढं खूश मी त्यांना बोनसच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

त्या मुलाशी मी पुन्हा बोलले नाही. आठवडाभर तो का म्हणून विचारत राहिला, मग विचारायचा थांबला. मैत्रिणींना मी सांगितलं की उंची कमी पडली. वडिलांना मात्र मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांपुढे ते त्या घराची गोष्ट सांगायचे, आणि माझी लाज ताजी व्हायची.

त्या दिवशी बूट काढून झाल्यावर ते म्हणाले, 'आता मला पण दे पोरी पाणी.' तांब्या माझ्यापासून दोन पावलांवर होता. मी उंबऱ्यापाशी बसले होते, हातात ते लाडू होते, आणि मला उठता येईना.