चार खांद्यांवरची कौतिकामावशी

कौतिकामावशी आमच्या गल्लीत बाजेवरून फिरायची. बाजेचे चार खूर आम्हा चौघी मुलींच्या खांद्यांवर आणि वर ती, पदर खोचून, टोपलीतली वांगी सांभाळत बसलेली. अंगाने इतकी वाळकी की तिच्यापेक्षा बाजच जड. एकदा अमरावतीकडचा कोणी वाटसरू आम्हाला पाहून बाजूला झाला आणि त्याने खाली मान घालून हात जोडले. मावशी वरूनच कडाडली, "हात काहून जोडून राहिला रे बाबू? जिती हाय मी! वांगे घेतं का?" तो बिचारा मुकाट्याने वांगी घेऊन गेला.

भातकुलीजवळच्या आमच्या खेड्यात ती माळ्यांच्या घरची. नवरा पटकीत गेलेला, मूलबाळ नाही. घरात ती आणि तिची थोरली जाऊ, दोघीच. एकदा बाजारातून परतताना ती कापसाच्या गाडीवर बसली, उतारावर गाडी कलंडली आणि तिचे कमरेखालचे अंग कायमचे गेले. त्यानंतर कितीतरी महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. मग एका भादव्यात आम्ही अंगणात भुलाबाईची गाणी म्हणत असताना आतून आवाज आला, "अवो पोरीहो, हे काय रडगाणं लावलं? मले बाहेर न्या. मी सांगतो नवं गाणं." आम्ही तिला बाजेसकट बाहेर काढले. पुढे ती घरात गेली ती फक्त निजायला. "चार खांद्यांवर गेलेलं माणूस वापस येत नाही," ती हसून म्हणायची, "मी पाहा, रोज जातो अन् रोज वापस येतो."

भुलाबाई म्हणजे आम्हा मुलींचा महिनाभराचा खेळ. रोज दिवेलागणीला एकीच्या घरी जमायचे, मातीच्या भुलाबाईपुढे गाणी म्हणायची. शेवटी त्या घरची मुलगी झाकलेला डबा आणते. बाकीच्यांनी तो हलवून, आवाज ऐकून आतला खाऊ ओळखायचा. भुलाबाई बसते ज्वारीच्या ताटांच्या मांडवात. पण मी सांगते त्या साली ज्वारीचे ताट मिळेना. दूर कुठल्या मुलखात लढाई लागली होती म्हणे, म्हणून कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि गावाने बांधापर्यंत कापूसच पेरला होता. मुली हिरमुसल्या. मावशीने कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून आणवल्या, पिवळ्या फुलांसकट त्यांचा मांडव केला आणि बसल्या बसल्या गाणे जुळवले:

भुलाबाई भुलाबाई, मांडव कशाचा गं?
जवारी नाही वावरात, मांडव पऱ्हाटीचा गं.
पिवळं फूल, हिरवं बोंड, पदर भरला गं,
भाकर कोण्या झाडाले, सांग मले गं!

आम्ही टाळ्या पिटून गायलो. ओट्यावरच्या बाया मात्र हसता हसता उठून आत गेल्या. त्या का उठल्या, ते मला ठाऊक होते.

आमच्या घरात ज्वारीचा दाणा नव्हता. मायच्या हातात चांदीचे नवे गोठ होते, बैलांच्या गळ्यात नव्या घुंगरमाळा होत्या, आणि चुलीवर नुसती अंबाडीची भाजी. गावात ज्वारी विकत मिळेना, म्हणून बाबा गाडी घेऊन लांबच्या मुलखात गेले होते आणि काळ्या चिखलात कुठेतरी अडकले होते. मायने बजावले होते, "कोणाजवळ बोलशील तर पाहाय." मी बोलले नाही. पण बाज उचलली की माझा खांदा लटपटे. मावशीने दोनदा विचारले, "काहून गं, खांदा हलून राहिला तुझा?" दोन्ही वेळा मी म्हणाले, "काही नाही."

आणि आमच्या घरची पाळी आली. मायला काही सुचेना. ती चुलीपुढे बसून राहिली. रिकामा डबा कसा पुढे करायचा? शेवटी मी गोठ्यात गेले, बैलांसाठी ठेवलेली सरकी मूठभर डब्यात टाकली आणि वर फडके बांधले. मुली डबा हलवू लागल्या. "लाह्या!" "फुटाणे!" "जिलबी!" जिलबी म्हणणारीला सगळ्या हसल्या. कोणालाच ओळखता येईना, म्हणजे आता डबा उघडावा लागणार. सगळ्या गल्लीपुढे माझ्या मायची लाज जाणार.

"आण इकडं," मावशी बाजेवरून म्हणाली. तिने डबा कानाशी नेला, हळूच हलवला आणि माझ्याकडे पाहिले. मग डबा सरळ आपल्या पदराखाली घेतला.

"मले समजलं, पण सांगत नाही. औंदा नवा नेम. ज्या घरचा खाऊ ओळखला नाही, ते घर जिंकलं. हरलेल्या पोरींनी उद्या आपापल्या घरून ओंजळ ओंजळ जवारी आणून त्या घरी द्याची. भुलाबाईचा नेम हाय, मोडाचा नाही!"

दुसऱ्या दिवशी आमच्या सुपात ज्वारी पडली. खेळातली जिंकलेली ज्वारी, तेव्हा मायलाही ती घेता आली. भाकरी थापताना तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती मला सांगत होती की धूर फार झाला. पुढे त्या महिन्यात आणखी कितीतरी घरांचा खाऊ कोणाला ओळखता आला नाही. आम्हीही शहाण्या झालो होतो. हातात डबा आला, आत खाऊ नाही हे कळले, की हमखास जिलबी म्हणायचे. पाटलाची पोर ओंजळ म्हणून सूप भरून आणायची, आणि कोणी काही विचारायचे नाही.

लग्न होऊन मी अकोल्याला आले. एका माहेरपणाला मी मावशीला विचारले, तुला नेमके कसे कळले? ती म्हणाली, "मी पायानं गेलो, कानानं नाही. अन् उपाशी पोरीचा खांदा हलते, तवा बाज आधी बोलते."

ती गेल्याचा निरोप आला तेव्हा आम्ही चौघीही धावलो. बायकांनी खांदा द्यायचा नसतो. पण वेशीपर्यंत आम्ही चौघींनीच तिला नेले, आणि कोणी आडवे आले नाही. वेशीवरून आम्ही पहिल्यांदाच तिच्यावाचून परतलो.

अंगणात रिकामी बाज होती. आता एकट्या उरलेल्या थकल्या जावेने बाजेखालून फडके बांधलेला एक डबा काढला. "तुमच्यासाठी ठेवून गेली. ओळखा म्हणे."

डबा माझाच होता. मी तो कानाशी नेऊन हलवला. आत सरकी वाजली.

"जिलबी," मी म्हणाले.

बाकीच्या तिघीही एकेक करून चुकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघी ज्वारीने ओंजळी भरून मावशीच्या दारात उभ्या होतो. आतून जाऊ सूप घेऊन बाहेर आली.